तरंगा काय सांगतो? गोदावरीत गळ टाकण्याआधी ऐका

हेडफोन लावलेत ना? मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "भाऊ, छडी कोणती घेऊ?" छडीवर येतोच, पण आधी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आजही बरं वाटत नाही.

माझं पहिलं वर्ष होतं. शहागडच्या खाली, गोदावरीच्या काठावर बसलो होतो. तंगूस चांगला जाड, ०.४० मिलिमीटरचा, रिळापासून थेट गळापर्यंत एकच. म्हटलं, जाड म्हणजे मजबूत. छडीच्या शेंड्याच्या कडीला तडा गेलेला होता, तिकडं लक्षच दिलं नाही. मोठा मासा लागला, ओढाताण झाली आणि दोरा तुटला तो थेट कडीपाशी. तरंगा, शिसं, गळ आणि वीसेक फूट तंगूस माशासोबत गेला. चार दिवसांनी त्याच काठावर पाणकणसात माझाच लाल शेंड्याचा तरंगा दिसला. त्या तंगूसात एक पाणकावळा गुरफटून मेलेला होता. मासा गेला याचं काही नाही हो, पण त्या पक्ष्याचा काय दोष?

तेव्हापासून माझा पहिला नियम ठरला: दोरा तुटायचाच असेल तर गळाजवळ तुटला पाहिजे. म्हणून मुख्य तंगूस ०.२५ च्या आसपास आणि गळाचा शेवटचा वीतभर तुकडा त्याहून बारीक, ०.२० चा. अडकलं तर फक्त गळ जातो, बाकी सगळं हातात राहतं. आणि निघण्याआधी प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले की समजा, कडी बदलायची वेळ झाली.

आता तरंगा. आपल्याकडं जुनी माणसं भेंडाचा तुकडा नाहीतर मोरपिसाचा दांडा वापरायची. आजही चालतो. दुकानातला घेतला तरी दोन प्रकार ओळखा. बंधाऱ्यामागच्या संथ पाण्याला लांब, सडपातळ तरंगा. तो फक्त बुडाशी बांधायचा, म्हणजे दोरा पाण्याखाली राहतो आणि वारा त्याला ओढत नाही. वाहत्या पाण्याला वरून फुगीर तरंगा. तो वर आणि खाली, दोन्हीकडं बांधायचा. त्यासाठी सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे दोन बारीक तुकडे पुरतात, वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही.

शिसं किती लावायचं? तरंग्याचं फक्त टोक पाण्यावर दिसेल एवढं. अर्धा तरंगा वर राहिला तर माशाला तो खाली ओढताना जोर लागतो, आणि संशय आला की तो आमिष थुंकतो. एक मोठा गोळा लावण्यापेक्षा बारीक छर्रे लावा. संथ पाण्यात ते विखरून, धारेत एकत्र खालच्या बाजूला. छर्रा हलक्या हातानं दाबा. पक्कडीनं चेपला की तंगूस तिथंच जखमी होतो.

आता खोली, सगळ्यात महत्त्वाची. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणजे कोणता मासा हवा, ते तरंगा किती उंचीवर बांधला यावर ठरतं. तळ मोजायला गळाला जड शिसं अडकवून टाका. तरंगा बुडाला तर खालचा दोरा कमी पडतोय. आडवा पडला तर जास्त झालाय. टोक तेवढं वर राहिलं की माप बरोबर. आणि डोह छडीपेक्षा खोल असेल तर तरंगा पक्का बांधू नका, सरकता ठेवा. वर सुती दोऱ्याची एक गाठ मारा, खाली मणी. गाठ कड्यांतून निघून जाते आणि तरंगा तिथं येऊन थांबतो.

आमिष साधंच: कणकेचा गोळा किंवा गांडूळ. तरंगा बुडला की झटका द्यायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कधी तरंगा उलट वर उचलला जातो आणि आडवा पडतो. तळाच्या माशानं आमिष उचललं, शिशाचा भार हलका झाला, म्हणून. तेव्हाही छडी उचला. नवीन पोरं तिथंच बघत बसतात.

छडीचं म्हणाल तर दहा-बारा फुटांची, शेंडा लवचिक. महाग नको. पैसे वाचवून चांगला तंगूस घ्या आणि दर हंगामाला बदला, उन्हानं तो कुजतो.

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका. वर पैठणला जायकवाडी आहे, २७ दरवाज्यांचं धरण. पाऊस आपल्याकडं नसला तरी नाशिककडं पडतो आणि पाणी इथं येतं. नदीकाठच्या गावांना इशारा दिलेला असेल तर घरीच बसा. एरवीही बसल्यावर पाण्याच्या कडेला एक काडी रोवा. काडी बुडाली की सामान आवरा, मासा लागलेला असला तरी. पावसाळा हा माशांच्या अंड्यांचा काळ, तेव्हा पोटुशी मादी सोडून द्या. आणि तलाव, बंधारे बऱ्याचदा मच्छीमार संस्थांकडं ठेक्यानं असतात, तिथं विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

उठताना मात्र तंगूसाचा तुकडा न् तुकडा खिशात घाला. माझ्या पिशवीत त्यासाठी एक रिकामी बाटली कायम असते. तुम्हीही ठेवा. भेटू पुढच्या भागात, तोवर काठावर जपून!