पोथीची परंपरा आणि भगिनींचे वाचनमंडळ

(बीड येथे वाचनमंडळाच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



सामूहिक वाचन मराठवाड्याला नवे नाही. चातुर्मासात घरोघरी ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ लावले जात. एकाने वाचायचे, शेजारपाजारच्या आयाबायांनी ऐकायचे आणि अध्याय संपला की त्यावर बोलायचे, ही रीत होती. अक्षरओळख नसलेली स्त्रीही त्यामुळे ग्रंथाला पारखी झाली नाही. स्त्रीजीवनावरील पुस्तके एकत्र वाचण्याच्या आजच्या उपक्रमाचे मूळ असे आपल्याच ओसरीवर आहे.

मात्र एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. पोथी श्रद्धेने ऐकली जाते. चरित्र ऐकताना प्रश्नही विचारावे लागतात. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचेच उदाहरण घ्या. त्यांची त्रिशताब्दी २०२५ मध्ये सर्वत्र साजरी झाली. परळीच्या वैजनाथ मंदिराचा त्यांनी जीर्णोद्धार केला, हे या जिल्ह्यातील लहान मूलही सांगेल. परंतु १७५४ मध्ये पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात पडले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि १७६७ मध्ये पुत्र मालेराव गेले. त्यानंतर १७९५ पर्यंत या एकट्या स्त्रीने राज्य कसे सांभाळले? मल्हाररावांनी आपल्या हयातीतच सुनेवर कारभाराची जबाबदारी टाकली होती, हे त्याचे उत्तर आहे. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो. आज आपल्या किती घरांत सुनेला शेताचा सातबारा, बँकेचे पुस्तक आणि घराचा जमाखर्च ठाऊक असतो? चरित्र या प्रश्नापर्यंत आले, तरच ते वाचले असे म्हणायचे.

एकत्र जमण्याने काय साधते, याचा दाखला पुण्यात आहे. १८८२ मध्ये तेथे पंडिता रमाबाईंच्या पुढाकाराने आर्य महिला समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाई त्या सभांना जात. विवाहानंतर अक्षरे गिरवलेल्या या स्त्रीला घरातल्याच बायकांचे टोमणे सोसावे लागले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे त्यांचे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई टिळकही लग्नानंतरच लिहा-वाचायला शिकल्या आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठीचे लेणे ठरली. शिकण्याचे वय टळून गेले, असे म्हणणाऱ्या प्रत्येक भगिनीसमोर ही दोन पुस्तके ठेवावीत.

बीडमध्ये या वाचनाची निकड अधिक आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८०७. राज्यातील हा नीचांक होता. गर्भलिंगनिदानाला पैसा लागतो. म्हणजे या पापात शिकली-सवरलेली घरेही होती. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड भगिनींची पाहणी केली. त्यांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. देवीच्या नवरात्रात उपवास करणाऱ्या समाजाला हे आकडे अंतर्मुख करणार नाहीत काय?

कायदा आपले काम करील. परंतु सून, सासू आणि मुलगा यांचे मन घरातच बदलावे लागते. म्हणून वाचनमंडळ केवळ शहरातील सुशिक्षित भगिनींचे राहू नये. दसऱ्यानंतर कोयत्यासोबत तांड्यांची माणसे कारखान्यांकडे जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्या पावसाळी महिन्यांत वस्तीवर बैठक घ्यावी. पुस्तक मोठ्याने वाचावे, एका बैठकीला एकच प्रकरण पुरे. ऐकणारीला बोलू द्यावे. तिचा अनुभव हीही चर्चाच आहे. आणि पुरुषांनी सतरंजी अंथरून निघून जाऊ नये, तीवर बसावे. अहिल्यादेवींच्या चरित्रात मल्हाररावांचेही प्रकरण आहे, ते त्यांच्यासाठी आहे.

पोथी समाप्त झाली की प्रसाद वाटतात. पुस्तक संपल्यावर प्रत्येक घराने एक निर्णय करावा : मुलीचे शिक्षण मध्येच सुटणार नाही आणि तिच्या देहाविषयी, विवाहाविषयी तिला विचारल्यावाचून काही ठरणार नाही. वाचनाचा प्रसाद तो हाच.