पेशी धुरा ओलांडते तेव्हा



स्तनाच्या कर्करोगावर व्याख्यान म्हटल्यावर काहींना अवघडल्यासारखे झाले असेल. परंतु घरात ज्याचा उच्चार होत नाही, ते चारचौघांत बोलावे म्हणून तर व्याख्यानमाला!

स्तनात गाठ झाली एवढ्यानेच सहसा बाई दगावत नाही. दगावते ती तेथून निघालेल्या पेशी हाडांत, फुप्फुसांत, यकृतात वा मेंदूत जाऊन रुजल्यामुळे. तेव्हा खरा प्रश्न असा, की जागची पेशी जागा सोडते कशी?

दुधाच्या नळ्यांना आतून पेशींचे अस्तर असते. त्याबाहेर आकुंचन पावणाऱ्या पेशींचा थर, आणि त्याच्याही बाहेर प्रथिनांचा अतिशय पातळ पडदा, शेताला धुरा असावा तसा. बिघडलेल्या पेशी वाढून नळी भरून टाकतात. पण पडदा शाबूत आहे तोवर रोग आत कोंडलेला असतो. पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन नावाचे प्रथिन आहे. काही कर्करोगांत ते नाहीसे होते आणि पेशी एकेकट्या सुटतात. पुष्कळांत त्या टोळीनेच बाहेर पडतात. पडदा विरघळविणारी विकरे लागतात, ती भोवतालच्या निरोगी पेशीही पुरवितात. घरभेदीपणाच म्हणायचा! मग लसिकावाहिन्यांतून काखेतल्या गाठींकडे आणि रक्तातून दूरवर वाट मोकळी होते.

सुटलेली प्रत्येक पेशी मात्र रुजत नाही. स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ साली, या रोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून सांगितले, की बी चहूकडे उडाले तरी मानवेल त्याच जमिनीत उगवते. हे शेतकऱ्यांना मी काय सांगावे?

पेशींची ही हालचाल रोखता येईल काय? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे व त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिडोकेन टोचून पाहिले. दाढ काढताना बधिर करतात, तेच हे औषध. पेशींच्या आवरणातील सोडियमची दारे ते बंद करते. त्यामुळे पेशींचे पसरणे मंदावते, असा तर्क. १५८३ स्त्रियांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. पाच वर्षांनंतर टोचलेल्यांत शेकडा ९०, न टोचलेल्यांत शेकडा ८६ हयात होत्या. चारचा फरक इतक्या स्वस्त औषधाने पडावा, ही मला मोठी गोष्ट वाटते.

पण शस्त्रक्रियेपर्यंत बाई वेळेत पोहोचली पाहिजे. ही गाठ आरंभी बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही ते दाखवायचे कशाला, असा आपला हिशेब! मुंबईच्या वस्त्यांत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या, दर दोन वर्षांनी, नुसत्या हातांनी स्त्रियांची तपासणी करीत. गाठी लवकरच्या अवस्थेत सापडू लागल्या. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू सुमारे शेकडा ३० ने कमी झाले. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही.