सीमेपलीकडचे कागद



अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. मी मात्र एका जुन्या तारखेपासून सुरुवात करतो : ६ मार्च १९९८. त्या दिवशी सेबीने अमेरिकेच्या रोखे नियामकाशी, म्हणजे एसईसीशी, सामंजस्य करार केला. परदेशी नियामकाशी सेबीचा हा पहिलाच करार. पण परदेशातून माहिती मागवण्याचा आणि तिकडे देण्याचा अधिकार सेबी कायद्यात स्पष्ट शब्दांत आला तो २०१४ च्या दुरुस्तीने, आणि संसदेने ते कलम मागच्या तारखेने लागू केलं. ती तारीख हीच, ६ मार्च १९९८. करारावर सही आधी, कायद्याचा आधार सोळा वर्षांनी. आपल्याकडे हे नवलाचं नाही. पण आरोपीच्या वकिलाला एवढी फट पुरते.

२००१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला. त्यानंतर आयोस्को या रोखे नियामकांच्या जागतिक संघटनेने २००२ मध्ये माहितीच्या देवाणघेवाणीचा बहुपक्षीय करार आणला, आणि पुढच्या वर्षी सेबीने त्यावर सही केली. यातली दोन कलमं मला फार मोलाची वाटतात. बँक खात्याची, दलालाकडच्या व्यवहारांची आणि खऱ्या मालकाची माहिती मागता येते, हे एक. दुसरं असं की, ज्या कृत्याची चौकशी चालू आहे ते आमच्या देशात गुन्हा नाही, एवढ्याच कारणावर मदत नाकारता येत नाही. करार कोणालाही कायद्याने बांधत नाही, तरी जगभर तो वापरला जातो.

आता सत्यम घोटाळ्याचं उदाहरण घ्या. ७ जानेवारी २००९ ला कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं हिशेबातल्या फसवणुकीची कबुली देणारं पत्र आलं. कंपनी हैदराबादची, शेअर मुंबईत नोंदलेले आणि त्यांच्या पावत्या न्यूयॉर्कच्या बाजारात. म्हणजे फसलेले गुंतवणूकदार दोन्हीकडचे. एसईसीने एप्रिल २०११ मध्ये तडजोडीने एक कोटी डॉलरचा दंड लावून कंपनीपुरता विषय मिटवला. लेखापरीक्षकांच्या भारतीय शाखांनीही त्याच सुमारास साठ लाख डॉलर भरले. आपल्याकडे राजूंवरचा सेबीचा आदेश जुलै २०१४ चा, लेखापरीक्षकांवरची बंदी जानेवारी २०१८ ची, आणि ती बंदीही सॅटने, म्हणजे रोखे अपील न्यायाधिकरणाने, २०१९ मध्ये रद्द केली. घोटाळा एकच. दोन नियामकांमध्ये कागदांची देवाणघेवाण करून देणं करारांना जमतं. घरच्या प्रक्रियेला वेग देणं त्यांच्या हातात नसतं. तिकडची तडजोड मला फार आदर्श वाटते असं नाही, दंड शेवटी भागधारकांच्याच खिशातून जातो. पण नऊ वर्षांनी लागलेल्या बंदीचं समर्थन करणंही कठीण आहे.

सहकार्य बिघडलं की काय होतं, ते मुंबईने अलीकडेच पाहिलं. २००८ च्या संकटानंतर युरोपने कायदा केला की परक्या देशातल्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनला मान्यता हवी असेल तर तिथल्या नियामकाने युरोपच्या, पॅरिसमधल्या एस्मा या रोखे नियामक संस्थेशी सहकार्याचा करार करावा. एस्माला आपल्या संस्थांवर देखरेखीचे हक्क हवे होते. रिझर्व्ह बँक, सेबी आणि गिफ्ट सिटीचा नियामक, तिघांनीही ते मानलं नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ ला एस्माने सहा भारतीय संस्थांची मान्यता काढत असल्याचं जाहीर केलं. त्यात दादरची सीसीआयएलही होती, जिच्यामार्फत सरकारी रोख्यांचे सौदे पुरे होतात. इथल्या युरोपीय बँका अडचणीत आल्या. जर्मन आणि फ्रेंच नियामकांनी आपापल्या बँकांना मुदत वाढवून दिली, म्हणजे युरोपलाही हे झेपत नव्हतं.

माझं मत विचाराल तर आपले नियामक बरोबर होते. मुंबईतल्या संस्थेची तपासणी पॅरिसहून कशासाठी? बँक ऑफ इंग्लंडने डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेशी करार केला, त्यात रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीवर विसंबण्याची वाट काढली. हाच शहाणपणाचा मार्ग.

मात्र ‘आमच्या देखरेखीवर विसंबा’ असं जगाला सांगायचं तर आपल्या दप्तरातले कागद खरे असायला हवेत, आणि इथे मी, तुम्ही, आपण सगळे येतो. दहा टक्के किंवा अधिक हितसंबंध असलेल्या खऱ्या मालकाची नोंद करणारा बेन-२ हा फॉर्म आपल्याच सहीने जातो. अशिलाने सांगितलं नाव, आपण घातलं नाव, असं किती वेळा होतं, हे या सभागृहाला माहीत आहे. परदेशी नियामकाचं पत्र सेबीकडे आलं की सेबीला शेवटी याच कागदांवर भिस्त ठेवावी लागते.

म्हणून दुपारच्या सत्रात एक ठराव मांडतो आहे : मालकीची साखळी शेवटच्या माणसापर्यंत कागदोपत्री पाहिल्याशिवाय आपल्यापैकी कोणीही बेन-२ वर सही करू नये, आणि त्या तपासाचे कागद फाइलमध्ये जपून ठेवावेत. अशील नाराज होतील, काही जातीलही. तरीही या ठरावाला हात वर करा, ही विनंती.