जुना संगणक : ठेवावा की काढावा?



जुनी वस्तू जपून वापरावी, हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. भांड्यांना कल्हई होते, छत्रीची काडी बदलली जाते. तीच दृष्टी आपण जुन्या संगणकाकडे वळवली, आणि तीत पुष्कळ शहाणपण आहे. एक संगणक व त्याचा पडदा तयार करण्यास निदान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायने व १५०० किलो पाणी लागते, असे संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ सालच्या अभ्यासात मांडले होते. वस्तूच्या वजनाच्या दसपट इंधन, आणि तेही ती दुकानात येण्यापूर्वीच जळालेले!

परंतु कल्हई केलेले भांडे फडताळात बसून काही खात नाही. संगणक वीज खातो. ही वीज आपल्याकडे अजून मुख्यतः कोळशाची, चंद्रपूर-कोराडीसारख्या केंद्रांतली. दर युनिटामागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आम्ही थोडा हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत. काचेच्या नळीचा अवजड पडदा असलेला जुना संगणक १५० वॉट घेतो व नवा लॅपटॉप २५, असे धरू. कचेरीत रोज ८ तास, वर्षाचे ३०० दिवस काम चालले, तर जुन्याला ३६० युनिटे लागतात, नव्याला ६०. फरक ३०० युनिटांचा, म्हणजे वर्षाला २१० किलो वायूचा. लॅपटॉप तयार होताना साधारण २०० ते ३०० किलो वायू निघतो. कचेरीत तो खर्च वर्ष-दीड वर्षात फिटला. तोच संगणक घरी रोज तासभरच उघडला जात असेल, तर फिटायला दहाएक वर्षे जातील! तेव्हा यंत्राचे वय विचारण्यापेक्षा त्याचे तास विचारावेत, असे आम्हांस वाटते. सर्वांत वाईट तो संगणक, जो समोर कोणी नसताना रात्रंदिवस चालू असतो. १०० वॉटचा असला, तरी वर्षाला ८७६ युनिटे गेली.

जुना लॅपटॉप टाकून नवा घेणाऱ्यांची बाजू मात्र आम्हांस लंगडी वाटते. तेथे विजेचा फरकच थोडा. पुष्कळदा यंत्र धडधाकट असते आणि आज्ञावलीच त्याला म्हातारे ठरवते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, तेव्हा अशी कितीतरी चालती यंत्रे अडचणीत आली. त्यांतल्या बहुतेकांवर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली सुखाने चालते. ती शिकण्याचे कष्ट आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या घरी तो अवजड पडदा अजून आहे, त्यांनी निदान तेवढा बदलावा. निम्म्याच्या आसपास वीज तोच खातो. मात्र त्याच्या काचेत शिसे असते. तो गल्लीतल्या भंगारवाल्याच्या हातोड्याखाली जाऊ देऊ नये. नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात पोचवावा.