संगणकावरचा पहारा



अमेरिकेत वेस्ट पॉइंटला भावी लष्करी अधिकारी घडतात.
तिथले कॅडेट कवायत करतात...
आणि संगणकावरचा पहाराही शिकतात.

होय, पहाराच!

२००१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या पुढाकारानं
सैनिकी अकादमींची एक स्पर्धा सुरू झाली.
सुरुवातीच्या काळात कॅडेट स्वतः नेटवर्क उभारत.
संस्थेचे तज्ज्ञ त्यात घुसू पाहत...

आता डोळ्यांसमोर आणा.
पडद्यावर नोंदींच्या ओळी भराभर सरकताहेत.
मध्येच एक नोंद...
रात्री तीन वाजता कुणीतरी लॉग-इन केलंय.
कोण हा?
आत आला कुठून?

नुसता पासवर्ड बदलून भागत नाही.
घुसखोराची वाट सापडावी लागते.
हा शोध म्हणजेच संशोधन...
आणि मला तोच फार मोलाचा वाटतो.

कॅडेट ती वाट शोधतात.
बंद करतात...
आणि पुन्हा पहाऱ्याला बसतात.