मोजायचे कोणी? लीला दुबे यांच्या अभ्यासातून शिकताना

(एरंडोल येथे महिला मंडळे व बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

शिबिराच्या संयोजकांनी मला विषय दिला होता ‘मुलींसाठी विज्ञान-तंत्रज्ञानातील करिअर’. डॉक्टर, इंजिनिअर, नर्स, कॉम्प्युटर यांची माहिती इथल्या शिक्षिका माझ्यापेक्षा चांगली देतील. मी ज्या कामाबद्दल बोलणार आहे, त्याची पाटी आपल्या गावातल्या कुठल्याच क्लासवर दिसत नाही. ते काम म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या धोरणाचा अभ्यास. कोणत्या संशोधनावर सरकारने पैसा घालायचा, कोणते यंत्र बाजारात येऊ द्यायचे, कशावर नियंत्रण ठेवायचे, त्यातून फायदा कोणाचा आणि भुर्दंड कोणाला, हे तपासणारे अभ्यासक असतात. तसा त्यांचा पगारी व्यवसाय असतो.

ऐकायला हे दिल्ली-मुंबईचे वाटते. पण आपले एरंडोलच घ्या. इथे पूर्वी हातकागद तयार होत असे. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. गिरणीचा कागद आला आणि तो धंदा बसला. त्या कारागिरांच्या घरचे पुढे काय होईल, हे आधी विचारण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. आज कपाशीत तणनाशकाचा पंप आला की शेतकऱ्याची मजुरी वाचते आणि निंदणीला जाणाऱ्या बाईचा रोज बुडतो. दोन्ही गोष्टी खऱ्या. पहिली लगेच हिशेबात धरली जाते. दुसरी मोजायची कोणी?

आपल्या देशात विज्ञान धोरणाचा पहिला ठराव १९५८ साली झाला. १९८३ च्या जानेवारीत तंत्रज्ञान धोरण जाहीर झाले. २००३ मध्ये दोन्हींचे मिळून नवे धोरण आले आणि २०१३ च्या धोरणात नवनिर्मिती, म्हणजे नवा शोध प्रत्यक्ष वापरात आणणे, हा शब्द नावातच आला. या विषयाचा अभ्यास करण्यासाठी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि गुजरात केंद्रीय विद्यापीठात स्वतंत्र केंद्रे आहेत. तिथे बी.एस्सी. झालेली मुलगी जाऊ शकते, तशी समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेतलेली मुलगीही जाऊ शकते. हे मुद्दाम सांगते, कारण ‘आर्ट्सला गेलेल्या मुलीला यंत्रातले काय कळणार’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ज्या बाईंबद्दल मी आता सांगणार आहे, त्यांनी प्रयोगशाळेत काम केले नव्हते. त्यांच्या नावापुढे धोरण-अभ्यासक अशी पदवीही लागली नाही. तरीही एका तंत्रज्ञानाबद्दल त्यांनी जे आधी ओळखले, ते आपल्या जिल्ह्याला नंतर भोगावे लागले.

त्या म्हणजे लीला दुबे. जन्म १९२३ चा, मृत्यू २०१२ मध्ये. माहेर मराठी, अंबर्डेकर. शास्त्रीय गायिका सुमती मुटाटकर या त्यांच्या थोरल्या बहीण. पती श्यामाचरण दुबे हे नावाजलेले समाजशास्त्रज्ञ. लीलाताईंनी लग्नानंतर गोंड स्त्रियांवर प्रबंध लिहून नागपूर विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मध्य प्रदेशात सागर विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवले. भारत सरकारने नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीवर त्या सदस्य होत्या. या समितीचा १९७४ चा ‘समानतेकडे’ हा अहवाल आपल्या चळवळीला नवा नाही. देशात पुरुषांच्या मानाने बायकांची संख्या घटत चालली आहे, हे त्या अहवालाने सर्वांसमोर ठळकपणे ठेवले.

त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय नातेसंबंध. मुलगी कोणाची, मूल कोणाचे, घर कोणाच्या नावावर, सासर-माहेर म्हणजे नेमके काय. लक्षद्वीपमधल्या कल्पेनी बेटावरच्या मुस्लिम समाजावर त्यांचे पुस्तक १९६९ मध्ये आले. त्या बेटावर घराणे आईकडून चालते. नवरा रात्री बायकोच्या घरी येतो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परततो. मुलगी झाली म्हणून तिथे कुणाचा वंश बुडत नाही. पुढे १९८६ च्या एका निबंधात त्यांनी बीज आणि क्षेत्र या आपल्या जुन्या कल्पनेची चिकित्सा केली. पुरुष बी पेरतो, बाई म्हणजे जमीन, पीक ज्याचे बी त्याचे. आपण शेतकऱ्यांच्या लेकी आहोत, ही भाषा आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. लीलाताईंनी दाखवले की मुलांवरचा आणि मालमत्तेवरचा पुरुषाचा हक्क या भाषेतून निसर्गनियमासारखा भासवला जातो.

आता यात तंत्रज्ञान कुठे आले?

१९७० च्या दशकाच्या मध्यावर आपल्याकडे गर्भजलपरीक्षा आली. पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचे पाणी काढायचे आणि तपासायचे. हेतू होता बाळातले जन्मजात दोष ओळखण्याचा. पण त्याच पाण्यातून मुलगा की मुलगी हेही कळते, आणि थोड्याच वर्षांत परीक्षा त्यासाठीच होऊ लागली. सरकारी दवाखान्यांत तिला मनाई झाली, खासगी दवाखान्यांना मात्र रान मोकळे राहिले. आजचा थोडा खर्च उद्याचा हुंडा वाचवील, अशा अर्थाच्या जाहिराती झळकल्या. १९८२ मध्ये अमृतसरच्या एका दवाखान्यावरून देशभर वाद झाला.

१९८३ च्या ज्या जानेवारीत तंत्रज्ञान धोरण जाहीर झाले, त्याच महिन्यात मुंबईच्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त धर्मा कुमार या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा लेख आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: जन्मल्यावर उपासमारीने आणि हेळसांडीने मुलगी मरते, त्यापेक्षा ती जन्माला न येणे कमी क्रूर नाही का? शिवाय मुली कमी झाल्या की त्यांची किंमत वाढेल, त्यांना बरे वागवतील. हे बोलणारी व्यक्ती मूर्ख नव्हती, दुष्टही नव्हती. बाजाराचा नियम तिने बाईला लावला होता. कांदा कमी पिकला की भाव चढतो, तसे.

लीलाताईंनी फेब्रुवारीत उत्तर दिले आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा लिहिले. माझ्या शब्दांत सांगते. भाव चढला तरी पैसा कांद्याला मिळत नाही, कांद्याच्या मालकाला मिळतो. जिथे बाई स्वतः स्वतःची मालक नाही, तिथे ती दुर्मीळ झाली की तिच्यावरचा पहारा वाढेल, तिला पळवतील, विकत आणतील, एका घरात अनेक पुरुषांच्या वाट्याला देतील. हिंसा वाढेल, मान वाढणार नाही. हे त्या अंदाजाने बोलत नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी घर, लग्न आणि वारसा यांचा अभ्यास केला होता. नवे तंत्र कोणत्या घरात शिरते आहे, हे त्यांना माहीत होते.

मैत्रिणींनो, धोरणाचा अभ्यास म्हणतात तो हाच. जानेवारीतल्या सरकारी निवेदनात स्त्रियांना रोजगार मिळावा असे आवर्जून म्हटले होते, ते चांगलेच होते. पण तंत्रज्ञान म्हणजे कारखाना आणि उत्पादन, अशी त्यामागची समजूत होती. बाईच्या गर्भाशयाशी येऊन थांबलेले तंत्रज्ञान धोरणाचा विषय आहे, हे सिद्ध करायला बायकांना लिहावे आणि झगडावे लागले.

लेखांनी कायदा होत नाही, हेही तितकेच खरे. मुंबईत १९८५-८६ च्या सुमारास स्त्री-संघटना, डॉक्टर, वकील, लोकविज्ञानाचे कार्यकर्ते एकत्र आले आणि लिंगनिदानाविरोधी मंच उभा राहिला. निदर्शने झाली. १९८६ मध्ये मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी ४२ जण गर्भजलपरीक्षेने लिंगनिदान करत असल्याचे आढळले. हा आकडा हाती नसता तर ‘दोन-चार डॉक्टरांचा प्रश्न आहे’ म्हणून सरकारने हात झटकले असते. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये झाला. तोवर सोनोग्राफीची यंत्रे तालुक्यांपर्यंत पोचत होती आणि कायदा कपाटात होता. म्हणून महाराष्ट्रातल्या ‘सेहत’ आणि ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिले, यंत्रे कोणाला विकली याच्या याद्या कंपन्यांकडून मागवल्या गेल्या, आणि २००३ पासून सुधारलेला कायदा लागू झाला.

आणि आपण? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. जळगाव जिल्ह्यात साडेआठशेसुद्धा नव्हत्या. त्या वर्षी मोजलेली मुले आज लग्नाच्या वयाला येत आहेत. ‘पोराला पोरगी मिळत नाही’ ही तक्रार आपल्या प्रत्येक गावात आहे. मध्यस्थाला पैसे देऊन दूरच्या जिल्ह्यातून, परप्रांतातून सून आणली जाते. तिला इथली बोली कळत नाही, तिचे माहेर इतके लांब की आखाजीला झोका बांधला तरी ती जाणार कुठे? ती नांदली तर नांदली, पळाली तर गाव तिलाच ठग म्हणते. लीलाताईंचे १९८३ मधले लेख वाचताना मला या सुना आठवतात. मुली कमी झाल्या, पण हुंडा काही गेला नाही.

याचा अर्थ कायदा झाला आणि अभ्यास संपला असा नाही. एक नवा पेच आपल्यासमोर आहे. लिंगनिदान रोखण्याच्या मोहिमेत ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द इतका रुळला की गर्भपात म्हणजेच गुन्हा, असे लोकांना वाटू लागले. गर्भपात १९७१ च्या कायद्याने वैध आहे, २०२१ मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली. तरीही राज्यात अनेक औषध दुकानांनी तपासणीच्या भीतीने गर्भपाताच्या गोळ्या ठेवणे बंद केले. मग नको असलेले गरोदरपण घेऊन बाई भलत्याच माणसाकडे जाते. आपल्याला लिंगनिवड थांबवायची आहे, बाईचा गर्भपाताचा हक्क घालवायचा नाही. म्हणून मी ‘गर्भलिंगनिवड’ हाच शब्द वापरा म्हणते. या दोन्ही गोष्टी एकाच धोरणात कशा सांभाळायच्या, याचे उत्तर तालुक्या-तालुक्यातली माहिती गोळा केल्याशिवाय मिळणार नाही. ते काम करायला अभ्यासक हव्यात, आणि त्या इथल्या असतील तर अधिक बरे.

शेवटी तीन कामे सांगते.

पहिले. कायद्याप्रमाणे समुचित प्राधिकाऱ्याला सल्ला देणारी समिती असते. तिच्या आठ सदस्यांत तीन सामाजिक कार्यकर्ते असावे लागतात आणि त्यांत किमान एक प्रतिनिधी महिला संघटनेची. दोन बैठकांमध्ये साठ दिवसांहून जास्त अंतर पडता कामा नये. आपल्या समितीवर आपल्यापैकी कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? माहितीच्या अधिकारात विचारा. तक्रारीवर कारवाई होत नसेल तर प्राधिकाऱ्याला पंधरा दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकही न्यायालयात जाऊ शकतो.

दुसरे. प्रत्येक गटाने एक वही ठेवावी. गावात तणनाशक आले तेव्हा निंदणीचे किती दिवस घटले, बाहेरून किती सुना आल्या, त्यांच्या रेशनकार्डावर नाव चढले का, दवाखान्यात गर्भपाताची सोय आहे का. नावे लिहू नका, आकडे लिहा. मुंबईच्या त्या ५० डॉक्टरांच्या पाहणीइतकेच मोल आपल्या वहीला येऊ शकते.

तिसरे. जळगावच्या विद्यापीठाला आता कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. तिथून पदवी घेणारी आपली एखादी लेक ‘मला पुढे धोरणाचा अभ्यास करायचा आहे’ म्हणाली, तर ‘त्यात नोकरी काय मिळणार’ म्हणून तिला गप्प बसवू नका. विद्यापीठे, संशोधन संस्था, सरकारी विभाग, स्वयंसेवी संस्था इथे ती काम करू शकते. वाट लांबची आहे, पीएच.डी.पर्यंत वर्षे जातात आणि घरच्यांना लग्नाची घाई असते. त्या वर्षांत तिच्यामागे उभे राहणे हे आपल्या गटांचे काम आहे. आणि ती शिकून आली की आपल्या वह्या तिच्या हाती द्यायच्या आहेत. त्या आजपासून भरायला लागू.