मानवी हक्क आयोगापर्यंतचे अंतर

(विश्रामबाग, सांगली येथील नागरिकांच्या सभेत झालेले भाषण)



सांगलीला स्वतःचा मानवी हक्क आयोग असावा काय, या प्रश्नावर ही सभा भरली आहे. न्यूयॉर्क शहराला असा आयोग आहे. घर किंवा नोकरी देताना भेदभाव झाला, तर तेथील रहिवासी आपल्या शहराच्याच आयोगाकडे दाद मागतो. भारतीय कायद्यात अशी तरतूद नाही. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण अधिनियमाने दिल्लीत राष्ट्रीय आयोग आणि राज्यांत राज्य आयोग अशी रचना केली. महाराष्ट्राचा आयोग २००१ साली स्थापन झाला आणि तो मुंबईत बसतो. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील मजुराला तेथे जायचे तर रात्रभराचा प्रवास आणि किमान दोन दिवसांची मजुरी खर्ची पडते. अर्थशास्त्र यालाही किंमतच म्हणते. जो हक्क वापरण्याची किंमत गरिबाला परवडत नाही, तो हक्क व्यवहारात श्रीमंताचाच राहतो.

हा प्रश्न सांगलीला पुस्तकातून कळलेला नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये लूटमारीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण सांगली शहर पोलिसांच्या कोठडीत मृत्यू पावला. तो पळून गेला, असे प्रथम सांगण्यात आले. पुढे त्याचा मृतदेह आंबोलीच्या परिसरात नेऊन जाळल्याचे प्रकरण उघडकीस आले, पोलिसांनाच अटक झाली आणि तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. नातेवाईक हटले नाहीत आणि शहर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण ज्याच्या पाठीशी शहर उभे राहत नाही, त्याचे काय?

आयोगावर नागरिक तीन आक्षेप घेतात. पहिला असा की, आयोग गुन्हेगारांचे लाड करतो. सांगलीने तरी असे म्हणू नये. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले, तेव्हा सरकारच्या दप्तरी ते गुन्हेगारच होते. १९७५ च्या आणीबाणीत हजारो समाजवादी कार्यकर्ते विनाचौकशी तुरुंगात डांबले गेले, तेव्हाही त्यांना राष्ट्राला धोकादायकच ठरवले होते. आरोपी गुन्हेगार आहे की नाही हे न्यायालयाने ठरवायचे असते. ठाण्यातील पट्ट्याने नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, आयोगाला दात नाहीत. तो बराचसा खरा आहे. साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे हे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आयोगाला आहेत. पण चौकशीअंती तो शासनाकडे केवळ शिफारस करू शकतो. पदे रिक्त राहण्याचा प्रश्न तर उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. तथापि शिफारशीवर काय कारवाई केली, हे शासनाला सामान्यतः एका महिन्यात आयोगाला कळवावे लागते. लोक विचारत राहिले तर या कलमाला धार येते. एरवी ते कागदावरच राहते.

तिसरा आक्षेप अंतराचा. त्याचे उत्तर पुष्कळसे नागरिकांच्याच हाती आहे. तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, ती मराठीत लिहून टपालाने पाठवता येते. पीडिताच्या वतीने दुसरी व्यक्तीही ती करू शकते. अट एकच, आणि ती कडक आहे: घटनेपासून एक वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. दुःखात आणि भीतीत गरिबाचे हे वर्ष केव्हा सरते, ते त्याला कळतही नाही.

शिवाय कोठडीत मृत्यू झाल्यास चोवीस तासांच्या आत जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक यांनी राष्ट्रीय आयोगाला कळवावे, असा त्या आयोगाचा डिसेंबर १९९३ पासूनचा निर्देश आहे. अधीक्षकांचे कार्यालय याच विश्रामबागेत आहे. 'कळवले काय?' एवढे विचारण्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

म्हणून शहर आयोगाची मागणी अवश्य करावी, परंतु तिच्या प्रतीक्षेत बसू नये. सत्र न्यायालयाला मानवी हक्क न्यायालय म्हणून नेमण्याची तरतूद याच अधिनियमाच्या कलम ३० मध्ये आहे. तेथे कोणते गुन्हे कोणत्या पद्धतीने चालावेत, हे मात्र कायद्याने पुरेसे स्पष्ट केलेले नाही. ते स्पष्ट व्हावे आणि राज्य आयोगाने ठरावीक काळाने सांगलीत येऊन सुनावणी घ्यावी, या दोन मागण्यांचा ठराव या सभेने करावा.

आणि एक काम आजच सुरू व्हावे. सांगली, मिरज आणि कुपवाड येथे प्रत्येकी दोन-तीन कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तक्रारी लिहून देण्यासाठी बसावे. तक्रारीची तारीख, पोच आणि उत्तर यांची वही ठेवावी. वर्षाअखेर ती वही जाहीर सभेत वाचावी. कोणाला न्याय मिळाला आणि कोणाची मुदत टळली, हे शहराला तिच्यातून कळेल. शहराचा आयोग केव्हा होईल ते सरकार ठरवील. ही वही उघडण्यासाठी सरकारच्या परवानगीची गरज नाही.